कॉटची जागा

“पाणी कुठवर आलं होतं, मावशी?”

चंद्राबाईंनी गळ्याला हात लावला. विमा कंपनीकडून पुराचे नुकसान पाहायला आलेल्या प्रशांतने भिंत न्याहाळली. ती पांढरीशुभ्र होती.

“खूण कुठंय?”

“सायब येनार म्हनून कालच चुना मारला की.”

“आणि सामान?”

“सडल्यालं दारात ठिवून पाव्हन्याला घर दावायचं व्हय? कचऱ्याच्या गाडीत घातलं.”

“फोटो तरी?”

“मढ्याचा कुनी फोटू काढतं व्हय, बाबा?”

विम्याच्या शास्त्रात चिखलाला साक्षीदाराचा मान आहे; तो साक्षीदार चंद्राबाईंनी फिनेल घालून धुऊन काढला होता. कोयनानगरात भूकंपाच्या धास्तीत संसार केलेली ही बाई सावध होती. सांगलीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा सोसायटीचा विमा भिंतींपुरताच, हे जाणून घरातल्या सामानाचा विमा त्यांनी स्वतंत्र उतरवला. त्या सामानात त्यांच्या नवऱ्याची, हिंदुरावांची, उशाकडून उचलता येणारी कॉट होती, प्राणवायूचे यंत्र होते. दोन्ही नव्याने आल्याखेरीज त्यांना घरी आणणे शक्य नव्हते. निवृत्त फौजी, फुफ्फुसे थकलेली. औंधला लेकीकडे, तिथल्या दवाखान्याच्या उसन्या यंत्रावर ते पडून होते.

“कवा न्हेतीस गं?” फोनवर रोज हाच प्रश्न.

“सायब बघून गेल्यात. आता न्हेतेच.”

कंपनीने सभ्यपणे कळवले, की पाहणीच्या वेळी घर उत्तम स्थितीत आढळले. चंद्राबाईंच्या टापटिपीची इतकी निःसंदिग्ध प्रशंसा उभ्या जन्मात कोणी केली नव्हती.

माघात हिंदुराव औंधलाच गेले.

तेराव्यानंतर लेक क्रांती आईला पोचवायला आली. बंद घराने ओल धरली होती. चुन्यातून गाळ वर आला होता. गळ्याच्या उंचीवर तपकिरी रेघ भिंतीभर फिरली होती, आणि तिच्याखाली सारे काळवंडले होते. पुराच्या वेळी सामान जिथे भिंतीला टेकून होते, तेवढाच चुना कोरा राहिला होता: कपाटाचा उभा चौकोन, यंत्राची बुटकी आकृती, कॉटची उशाकडे उचललेली पाठ. गेलेला संसार जागच्या जागी परत आला होता.

“आई, बोलीव आता त्या सायबाला! समदं दिसतंय.”

“आता दिसून काय करू?”

क्रांती दमून भिंतीकडेला बसायला गेली.

“आगं, तितं नगं,” चंद्राबाई म्हणाल्या, “कॉट हाय.”

आणि त्या मोकळ्या फरशीला वळसा घालून त्या खिडकी उघडायला गेल्या.