वाकडा चार

किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र कटकटू लागलं तसे ब्रुगरसाहेबांनी डोळे मिटले. एखाद्याने गवयाची तान ऐकावी तसे.

"ऐका, मास्तर, ऐका," ते मला म्हणाले. "अस्सल माल. एका आकड्यालाही कुणी हात लावलेला नाही."

आर्माँच्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं आणि त्यावर अकरा घड्याळं. सगळी आमच्याच खोऱ्यातल्या, कधीच बंद पडलेल्या कारखान्यातली, पन्नास वर्षांपूर्वीची. वैमानिकांसाठी केलेली, काळ्या तबकडीची क्रोनोग्राफ, म्हणजे सेकंद मोजायची सोय असलेली घड्याळं. कडेला दोन बटणं, आत दोन छोट्या तबकड्या आणि अंधारात दिसावेत म्हणून रेडियमच्या रंगाने भरलेले ठसठशीत आकडे. तो रंग आता जुन्या मधासारखा झाला होता. आम्ही संग्राहक त्या रंगासाठी जीव टाकतो.

आर्माँने चौतीस वर्षं गावात पत्रं वाटली. कुठल्या म्हातारीच्या कपाटात मेलेल्या नवऱ्याचं कुठलं घड्याळ पडलंय, हे त्याला म्हातारीच्या आधी ठाऊक असायचं. ना दारूचं व्यसन, ना पत्त्यांचं. जो काही जीव होता तो या अकरांवर. निवृत्त झाल्यावर घराचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा त्यातली चार विकावीत असं त्याने जड मनाने ठरवलं, आणि झुरिकहून जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याला, या ब्रुगरसाहेबांना, बोलावलं.

मला बोलावण्याचं कारण वेगळं होतं. मी गावचा शाळामास्तर, आणि आमच्या घड्याळ मंडळाचा चिटणीस. 'वाकडा चार' हा शोध माझा. या कारखान्याच्या काही तबकड्यांवर चारच्या आकड्याचा उभा पाय लंगड्या माणसासारखा बाहेर फेकलेला असतो. मंडळाच्या पत्रिकेत मी त्यावर सहा पानी लेख लिहिला होता: वैमानिकांच्या एका खास तुकडीसाठी मुद्दाम केलेली ही खूण असावी. पुरावा काडीचा नव्हता. पण छापून आलं की लोकांना खरं वाटतं. वाकड्या चारचे भाव दुप्पट झाले, आणि दोन-तीन शहरांत मला भाषणाला बोलावलं गेलं.

आर्माँची बायको जोझियान कॉफी घेऊन आली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिचे दंड अजून कमावलेले होते. घड्याळांचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जायची. बायकांना नवऱ्याचे छंद आवडत नसतात, तसंच हे, असं आम्ही धरून चाललो होतो.

"हे काय कटकटतंय?" तिने विचारलं.

"रेडियम, मॅडम," ब्रुगरसाहेब हसले. "जितकी जोरात कटकट, तितका माल खरा. घाबरू नका, एवढ्याने काही होत नाही."

जोझियानने ट्रे टेबलावर ठेवला नाही. हातात धरूनच ती वाकली.

"वाकडा चार म्हणता तो यातला कुठला?"

ब्रुगरसाहेबांनी तत्परतेने एक घड्याळ पुढे केलं, भिंगही दिलं. तिने भिंग घेतलं नाही.

"हा लुसेतचा हात आहे," ती म्हणाली.

लुसेत म्हणजे तिची थोरली बहीण. दिवाणखान्यात तिची तसबीर होती. जोझियानच्या लग्नाआधीच रक्त कमी होऊन ती गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"लुसेत कारखान्यात होती?" आर्माँने विचारलं.

"घरी करायची. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सोमवारी मुकादम तबकड्या आणून टाकायचा, शुक्रवारी घेऊन जायचा. त्याच टेबलावर आम्ही जेवायचो. कुंचल्याचं टोक ती अंगठ्याच्या नखावर फिरवून बारीक करायची, घाईत असली की ओठांत. मग अंगठा सुजला. नख काळं पडलं आणि त्याला चीर गेली, ती काही भरेना. अंगठा वळत नसेल तर चारचा पाय सरळ कसा यायचा? मुकादम शिव्या घालायचा, पण माल नेतच होता." मग ती माझ्याकडे वळली. "वैमानिकांची तुकडी म्हणे! छान लिहितोस रे मास्तर."

माझे कान तापले.

"अगं, मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?" आर्माँ म्हणाला.

"तू विचारलंस? प्रत्येक घड्याळाचा नंबर तुला तोंडपाठ आहे. ते आकडे कुणाच्या हातचे, हे कधी विचारलंस?"

मला वाटलं, आता हा झुरिकवाला मान खाली घालेल, टोपी उचलेल आणि निघेल. पण त्यांचे डोळे चमकत होते.

"मॅडम, अहो, ही केवढी कहाणी आहे! तिचा फोटो असेल ना? हात दिसणारा असला तर फारच उत्तम. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून सही करा. हल्ली गिऱ्हाईकाला नुसतं यंत्र नको असतं, त्यामागचं माणूस हवं असतं." मग घड्याळांवर ओणवे होत, "म्हणजे जितका चार जास्त वाकडा, तितकं घड्याळ नंतरचं. हो ना? अगदी शेवटच्या महिन्यातलं कुठलं?"

आणि त्यांनी ती घड्याळं क्रमाने लावायला घेतली. सरळ चार डावीकडे, मग जरा कललेला, मग आणखी. हिरव्या कापडावर एका पोरीचा अंगठा डावीकडून उजवीकडे सडत गेला.

पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतो. सातव्याचा चार आठव्यापेक्षा जास्त वाकडा आहे, हे माझ्या लक्षात आलं. आणि माझा हात आपसूक पुढे गेला. मी त्या दोघांची अदलाबदल केली. जोझियानने ते पाहिलं. माझ्याकडे ती जशी बघत होती, तसं इस्पितळातल्या चादरींवरच्या डागांकडेही तिने बघितलं नसेल.

आर्माँने कापडाची चारही टोकं उचलली, घड्याळं खळकन एकमेकांवर आपटली. एरवी तो त्यांच्यावर श्वाससुद्धा जपून सोडायचा. त्याने गाठ मारली.

"उठा," तो म्हणाला.

"अहो, किमतीचं बोलू की आपण. तुमचं छप्पर..."

"उठा म्हणतो ना! कॉफी राहू दे."

पायऱ्यांवर ब्रुगरसाहेबांनी माझ्या हातात आपलं कार्ड सरकवलं. "तुम्ही समजूतदार आहात, मास्तर. तेवढं फोटोचं बघा." त्यांच्या बोटांना अत्तराचा वास होता. मी कार्ड घेतलं. म्हणजे खरोखरच घेतलं, खिशातही ठेवलं. मग चौकातल्या कारंज्यापाशी जाऊन मी हात धुतले.

आठवड्याने आर्माँ ते गाठोडं घेऊन बर्नला निघाला. जुन्या रेडियमच्या वस्तू सरकार तिथे जमा करून घेतं. गाडी मी चालवली. खिडकीपलीकडच्या बाईने हातमोजे घातले, घड्याळं पाहिली आणि थबकली. "यांना बाजारात गिऱ्हाईक असतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," आर्माँ म्हणाला.

फॉर्मवर 'बनवणारा' असा एक रकाना होता. आर्माँने तिथे अकरा वेळा लिहिलं: लुसेत कातँ. बाईने यादी चाळली. "या नावाची कंपनी नाही माझ्याकडे."

"नसेल," तो म्हणाला, आणि सही केली.

पत्रिकेच्या पुढच्या अंकात मी खुलासा छापला. माझा सिद्धांत थोतांड होता, तो वाकडेपणा एका आजारी मुलीच्या हाताचा होता, असं स्पष्ट लिहिलं. नाव मात्र दिलं नाही. वाटलं, आता तरी लोकांना त्या घड्याळांची शिसारी येईल. महिनाभरात वाकड्या चारचे भाव तिप्पट झाले. मी चिटणीसपद सोडलं. सभेत कुणीतरी माझ्या योगदानाबद्दल आभार मानले, टाळ्याही पडल्या.

जोझियानने मला पुन्हा दारात उभं केलं ते थेट नाताळानंतर. दुपारी जेवायला ये, असा निरोप आर्माँकरवी आला. सुकं सॉसेज होतं, बटाटे होते. घरात बादल्या मांडलेल्या होत्या आणि वितळत्या बर्फाचं पाणी त्यांत टपटपत होतं. जेवणं होत आली तशी आर्माँने सुरी खाली ठेवली.

"लुसेत कशी होती गं?" त्याने विचारलं.

जोझियानने पावाचा तुकडा मोडला.

"वात्रट होती," ती म्हणाली. "गायची भसाड्या आवाजात, आणि थांबायची नाही. एकदा शुक्रवारी बशीत थोडा रंग उरला होता. मी आठ वर्षांची असेन. तिने मला धरलं आणि मोठ्या झुपकेदार मिश्या काढल्या, मुकादमासारख्या. स्वतःलाही काढल्या. मग दोघी कपाटात शिरलो आणि दार ओढून घेतलं. अंधारात नुसत्या दोन मिश्या. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की आई धावत आली."

ती आताही हसत होती. आर्माँ हसला, मीही हसलो. मग तिचं हसू ओसरलं, आणि वरच्या ओठावरून तिने हाताची पालथी बाजू सावकाश फिरवली, काही लागलंय का ते बघावं तशी.