सील न फोडलेले खोके

"फुकट दिलेत तरी नकोत, मिस्टर डेल्मर," दुकानदार म्हणाला.

डेल्मर हसला. त्याला वाटलं, घासाघीस सुरू झाली. "अरे बाबा, नीट बघ तरी. एकाही खोक्याचं सील फोडलेलं नाहीये."

"कोणाचंच फोडलेलं नसतं हो."

मी गाडीच्या चाव्या घेऊन दाराशी उभा होतो. मोज्यांच्या गिरणीत शेजारशेजारच्या यंत्रांवर आम्ही दोघं म्हातारे झालो. पिकअप माझी, खोके त्याचे. खोक्यांत पाकिटं, पाकिटांत कार्डं, कार्डांवर शर्यतीच्या मोटारी आणि ड्रायव्हर. नव्वदच्या सुमारास आमच्या नॉर्थ कॅरोलायनात या कार्डांचं असं वेड होतं, की दूध आणायला गेलेला माणूस खोका घेऊन घरी यायचा. डेल्मर तर दर पगाराला आणायचा. पण पुढे मोठा भाव येईल म्हणून पाकीट एकही उघडलं नाही. बायकोची, नेडीनची, शिवणाची खोली त्याने खोक्यांना दिली, तिथे एसी बसवला आणि दोघं नवराबायको पलीकडे पंख्याखाली घामाघूम होऊन झोपायची. मी म्हणायचो, "मलाही एका खोक्यात भर रे, निदान गारव्याला तरी पडेन."

"या, दाखवतो," म्हणत दुकानदाराने मागच्या खोलीचं दार उघडलं.

जमिनीपासून छतापर्यंत डेल्मरचेच खोके! तेच रंग, तेच सील. एक तर लंगड्या टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून सरकवलेला.

"लोक दुकानाबाहेर टाकून जातात. मांजरीची पिल्लं सोडतात ना, तशी. सगळ्यांनीच जपली, मिस्टर डेल्मर. पोरांनी फाडली असती, हरवली असती, तर आज कोणी विचारलं असतं."

डेल्मर त्या टेबलाखालच्या खोक्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "एक कार्ड मात्र हवं होतं. कोय रुडिसिल. टायर बदलायचा. माझा मेहुणा."

"टायरवाल्यांची कार्डं वेगळी काढून कोण ठेवणार?"

कोय म्हणजे नेडीनचा धाकटा भाऊ. शर्यतीच्या एका फाटक्या टीममध्ये टायर बदलायचा. तेव्हा मेकॅनिक, टायरवाले, सगळ्यांचे फोटो कार्डांवर छापत. कोयचाही छापला. त्याच्या वाटणीची कार्डं त्या दिलदार गाढवाने पोरींना वाटून टाकली. पुढे तो हायवेवर अपघातात गेला. दफनाहून परत आल्यावर नेडीन म्हणाली होती, "डेल्मर, एक खोका फोड. त्याचा गणवेशातला फोटो हवाय मला."

"सील गेलं की सगळं गेलं, नेडीन. विकू तेव्हा घेणाऱ्याकडून मागून घेऊ."

मी तिथेच होतो. त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. मला त्या दिवशी डेल्मरचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही.

परतताना पिकअपमध्ये, घर जवळ आल्यावर तो म्हणाला, "तिला काय सांगू रे?"

"खरं ते सांग. दुसरं काय उरलंय तुझ्याकडे?"

नेडीन स्वयंपाकघरात होती. मक्याचा पाव नुकताच ओव्हनमधून काढला होता. आम्ही खोके परत आत आणताना बघून तिने हात पुसले.

"काय म्हणाला?"

"फुकटही नको म्हणाला."

ती खुर्चीत बसली. "फुकटही नको?" पुन्हा एकदा, हळू, "फुकटही?" मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटायलाच हवा होता. पण ती उठली आणि कोंबडी कापायची कात्री घेऊन आली.

"मग आता फोडायला हरकत नाही," ती म्हणाली, आणि सील कापलं.

पहिल्या पाकिटातली कार्डं एकमेकांना घट्ट चिकटलेली. जणू साबणाची वडी. दुसऱ्यातली तशीच. वरचा चकचकीत मुलामा इतक्या वर्षांत डिंकासारखा झाला होता. सोलायला गेलं की प्रत्येकाचा चेहरा पुढच्याच्या पाठीला लागून निघायचा. डेल्मर सोलत होता आणि "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत होता.

अंधार पडायच्या सुमाराला एका कार्डाच्या मागे कोयचं नाव निघालं. नेडीनने ते उलटं केलं. टोपीपासून छातीपर्यंत नुसता पांढरा कागद. खाली गुडघ्यावर टेकवलेले दोन हात आणि टायरचे नट काढायची बंदूक तेवढी शिल्लक होती.

मला तिच्याकडे बघवेना.

"हात त्याचेच आहेत," नेडीन म्हणाली. "अंगठा बघ ना. लहानपणी दारात चेंगरला होता."

तिने ते कार्ड मिठाच्या बाटलीला टेकवून उभं केलं आणि आमच्यासाठी ताटं घ्यायला उठली.

डेल्मरने तिच्या जागेवरची कात्री उचलली, दुसरा खोका पुढ्यात ओढला आणि स्वतःच्या हाताने त्याचं सील कापलं.