तोलाराचा हात

इमानदारीचं नाव माझ्यापुढं काढू नका. एक शाल, एक नारळ आन भिंतीवरचा फोटू, एवढीच इमानदारी माझ्या घरात उरलीया, आन तिच्यापायी माझा सोन्यासारखा मानूस गेला. मेला न्हाई. मेला असता तर रडून मोकळी तरी झाले असते.

आमचं मालक सांगलीच्या हळदीच्या पेठंत तोलार. भाऊसो शेटच्या अडतीवर पोतं काट्यावर चढवायचं, वजन बघायचं आन मोठ्यानं पुकारायचं, हेच काम. दुसरा तोलार एकदा बघतोय, हे तीनदा बघायचं. पोतं उतरवून पुन्ना चढवायला लावायचं. हमाल शिव्या घालायचं, पन शेतकरी खूश! 'कृष्णात हाय न्हवं काट्यावर? मग डोळं मिटून माल घाला,' असं गावोगाव झालं हुतं.

एकदा कऱ्हाडाकडच्या सयाजीचा माल तोलून घरी आलं, आन जेवता जेवता ह्यांच्या मनात आलं, अर्धा किलो कमी पुकारलं की काय. भाकरी टाकून उठलं, एष्टी धरली आन सयाजीच्या दारात जाऊन हात जोडून हुबं. 'मी तुमाला बुडिवलं न्हाई न्हवं?' सयाजीनं चार गावांत डंका पिटला. लोकांनी कौतुक केलं. म्या पन केलं, खोटं कशाला बोलू.

पन घरात काय चाललं हुतं ते माझं मला ठावं. दाराची कडी लावली का, चार डाव. चूल इझली का, पाच डाव. ताटावर बसलं की तोंड पांढरं पडायचं. 'अगं, त्या म्हाताऱ्याचं वजन बरुबर पुकारलं का गं मी?' आता मी काय काट्यावर हुते? 'व्हय, बरुबर पुकारलं' म्हनलं की एक घास खायचं, आन पुन्ना तेच. लगीन झाल्यापास्नं अठरा वर्सं माझ्या नवऱ्यानं ऊन भाकरी खाल्ली न्हाई. देवरुशी झाला, गंडा झाला, नरसोबाच्या वाडीला पायी जाऊन आलो. आनीबानी उठली त्या साली एक दीस हे काट्यापाशीच बसून हमसून हमसून रडलं. तवा पोटदुखीचं निमित्त सांगून म्या ह्यांना मिरजंला डाक्टरकडं नेलं.

डाक्टर तरना हुता, पन तासभर ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. म्हनला, "बाई, हे पाप नाही, करणी नाही आणि वेडही नाही. मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारा एक रस असतो. त्यातच काहीतरी बिघाड असावा, असं आता डॉक्टरांना वाटतंय. यांचे हात काम करतात, पण 'झालं' हा निरोप डोक्याला पोचत नाही. एक नवीन गोळी आहे, मुंबईहून मागवू. गुण यायला दीड-दोन महिने लागतील. तोंड कोरडं पडेल, घाम येईल, हात थोडा कापेल. घाबरायचं नाही आणि मनानं बंद करायची नाही." आन आमी उठलो तवा हळूच म्हनला, "कधी कधी हे रक्तातनं उतरतं. मुलांवर लक्ष असू द्या." म्या मनात म्हनलं, माझी एकुलती लेक विजयमाला, लाखात एक हाय. तिला काय धाड भरलीया!

पयला महिना नुसतं तोंड सुकलं. दुसऱ्या महिन्यात एक दीस दुपारी हे ताटावर बसलं आन तव्यावरच्या दोन भाकरी खाल्ल्या. कांदा मागितला. काय बी इचारलं न्हाई. मी चुलीकडं तोंड करून रडत बसले. कडी एकदाच लागायला लागली. पोरीसंग हसायला लागलं. देवाशप्पत सांगते, लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मला नवरा मिळाला.

आन पेठंत? पेठंत हे आता एकदाच तोलत हुतं. वजन चोख, पन पोतं धरताना हात कापायचा आन पुकारताना जीभ टाळूला चिकटायची. सयाजीनं बघितलं आन भर पेठंत बोलला, "हात का कापतोय रं कृष्णात? तोंड का सुकलं? चोराच्या मनात चांदनं! कुनी इकत घेतलं तुला?"

झालं! आठ दिसांत माल दुसऱ्या अडतीवर जायला लागला. भाऊसो शेट घरी आला. "वैनी, काय भानगड हाय? माझी तर अडत बुडायला लागली. खरं काय ते सांगा."

एक शब्द बोलायचा हुता. 'आवं, आजारी हुतं, आता बरं झाल्यात. हात गोळीनं कापतोय.' बास. पन डोक्याची गोळी म्हनलं की लोक येडाच म्हनत्यात. दाराआड विजयमाला हुबी हुती, आन येड्याच्या पोरीला पदरात कोन घेतंय? म्या म्हनलं, "ऊन बाधलंय त्येंला." तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेट गेल्यावर हे आपल्या हाताकडं बघत बसलं. म्हनालं, "म्या खरंच कुनाला बुडिवलं असंल का गं? हात तर कापतोय." आन म्या, ह्या जळक्या तोंडानं, म्हनलं, "पोरीचं लगीन हुईस्तवर गोळ्या थांबवा."

गोळ्या थांबल्या, महिन्याभरात हात कापायचा थांबला. पोतं पुन्ना तीनदा चढायला लागलं, तीनाचं पाच झालं. माल परत आला. शेटनं सत्कार केला, शाल दिली, फोटू काढला. सयाजीनं समद्यांपुढं माफी मागितली आन वर म्हनला, "असल्या इमानदार बापाची लेक मला सून म्हनून द्या." लगीन थाटात झालं.

अक्षता पडल्या तशी दुसऱ्याच दिशी म्या गोळ्या काढून दिल्या. ह्येंनी त्या परसातल्या शेनखईत टाकल्या. "त्या गोळीनं मानूस चोर हुतोय," म्हनालं. म्या पाया पडले. म्हनालं, "अगं, कडी लावली का?"

परवा पोरीला दिवाळीसाठी म्हायेरी न्यायला गेले. विजयमाला न्हानीपाशी भांडी घासत बसली हुती. बोटांची सालं निघाल्याली. एकच तांब्या घासायची, धुवायची, उजेडाला धरायची, पुन्ना राखंत घालायची. मला बघून उठली सुदिक न्हाई.

विहीनबाईंनी च्या दिला. लय कौतुकानं म्हनाल्या, "काय वो तुमची लेक! भांडं सात-सात डाव घासती, तरी मन भरत न्हाई तिचं. अशी सून गावात दुसरी न्हाई. कुनी शिकिवलं वो हिला?"

सयाजी वसरीवर बसला हुता. त्यो बी माझ्या तोंडाकडं बघाय लागला.

म्या म्हनलं, "बापानं." आन च्या प्याले.