हजर बाप

जन्मनोंदणी कचेरीच्या पायरीवर, भर रस्त्यात, डोरीननं बोटाला थुंकी लावून कॉलिनचा डावा भांग उजवा केला.

"आता तू डेरेक. फार बोलू नकोस. तो बोलत नाही."

"बोलत नाही, आणि येतही नाही," हेझल म्हणाली. पाच आठवड्यांची पोर तिच्या छातीशी झोपली होती.

डेरेक आणि कॉलिन डोरीनचे जुळे. इतके जुळे, की लहानपणी ती एकालाच दोनदा आंघोळ घालायची आणि दुसरा महिनाभर कोरडा राहायचा, असं बंदरावर अजून सांगतात. डेरेक मासेमारीच्या बोटीवर. पोर व्हायच्या आधी पंधरवड्याची खेप म्हणून गेला, तो नॉर्वेत परस्पर दुसऱ्याच बोटीवर चढला. कॉलिन हेरिंग मासे धुरावर सुकवण्याच्या भट्टीत. त्याच्या अंगाला असा वास, की चर्चमध्ये तो शिरला की पाद्री प्रवचन अर्ध्यावर सोडून जेवायला जाई. आज डोरीननं त्याला व्हिनेगरनं घासून काढला होता.

"लग्न केलं असतंस तर एकटीनं येऊन बापाचं नाव लावता आलं असतं," डोरीन हेझलला म्हणाली. "बिनलग्नाचा बाप जातीनं हजर लागतो. नाहीतर रकाना कोरा."

"लग्नाला तरी आला असता का तो?"

"माझ्या नातीचा रकाना कोरा राहणार नाही," म्हणत डोरीननं दोघांना आत ढकललं आणि मागोमाग आपणही शिरली.

निबंधक पिकरिंगबाईंनी चष्मा चढवला. "इथं खोटं सांगणं गुन्हा आहे, आधीच सांगते. लग्न झालंय?"

"नाही," हेझल म्हणाली.

"वडील हजर?"

"हजर!" डोरीन.

"आजी, वडिलांना बोलू द्या. बाळाचं नाव?"

"आयव्ही थ्वेट," हेझल म्हणाली.

पोर कुरकुरली. कुणी सांगायच्या आत कॉलिननं तिला उचललं, खांद्यावर टाकलं, पाठीवरून हात वर नेला. तिनं ढेकर दिली आणि गप्प झाली. हेझलनं, रोजचंच असल्यासारखं, तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

"वडिलांचं पूर्ण नाव?"

"कॉलिन आर्थर थ्वेट," कॉलिन म्हणाला.

डोरीनची पर्स मांडीवरून घसरली. "अरे, पण..."

"आजी, काही सांगायचंय?"

डोरीननं कॉलिनकडे पाहिलं. मग हेझलकडे, बराच वेळ. मग वाकून पर्स उचलली.

"ती खिडकी लावा," ती म्हणाली. "पोरीला वारं लागतंय."

पिकरिंगबाईंनी उठून खिडकी लावली. परत येऊन हेझलला विचारलं, "नाव बरोबर आहे?"

"आहे."

"सही करण्याआधी दोघांनी नीट वाचा. मागाहून बदलणं फार जिकिरीचं असतं."

कॉलिन ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागला. हेझलनं न वाचताच सही केली आणि त्याचं वाचून व्हायची वाट पाहत पेन हातात धरून बसली.