क्रेनश्पिट्झवरून खाली

क्रेनश्पिट्झच्या शिखरावरच्या क्रुसापाशी बसून बुर्गी आणि तिचे बाबा सेराफीन या दोघांनी कडक राईची भाकरी आणि धुरावलेलं डुकराचं मांस खाल्लं, तोवर सगळं ठीक होतं. सेराफीनने नेहमीसारखी चाकूनं पातळ कापं काढली, बुर्गीला आधी दिली आणि म्हणाला, "बघ, म्हाताऱ्याची फुप्फुसं अजून शाबूत आहेत. तुझ्या त्या भावाला सांग."

भावाचा, म्हणजे लोइसचा, या चढाईला विरोध होता. आई हिवाळ्यात गेल्यापासून बाबा जरा विसरल्यासारखे करतात, असं तो सारखं म्हणायचा. बुर्गीला ते पटत नव्हतं. सगळी हयात लोकांना याच डोंगरांवर नेण्या-आणण्यात गेलेला गाइड. घरात किल्ल्या विसरला म्हणून काय झालं? आणि आज पहाटे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या झोपडीतून निघाल्यापासून बाबांनी तिला दमवलं होतं. सुट्या दगडांच्या घसाऱ्यातून तळ्यापर्यंतचा तो उभा चढ, मग तळ्यावरून धारेला लागणं, कुठेच ते अडखळले नव्हते. जुलै निम्मा सरला तरी तळ्याच्या कडेला बर्फ तरंगत होतं, ते बघून पोरासारखे हसले होते.

उतरायला लागले आणि दक्षिणेकडून ढग आला. बघता बघता क्रूस दिसेनासा झाला. मग तळं. मग पुढची धारसुद्धा, चार पावलांपलीकडे.

जिथे वाट फुटते तिथे सेराफीन थांबला. उजवीकडची वाट धारेवरून तळ्याकडे उतरत होती. तिच्या कडेनं लोखंडी तार ठोकलेली होती. डावीकडे उत्तरेची घळ. एके काळी ती जवळची वाट होती, पण खडकाच्या आत गोठलेलं बर्फ वितळलं आणि सबंध कडाच खाली कोसळला. तिथे आता कुणी जात नसे.

"बाबा, काय झालं?"

तो वळला. डोळे तेच होते, पण त्यांत ओळख नव्हती.

"तुम्ही एकट्याच आलात का बाई?"

'तुम्ही' ऐकून बुर्गी त्याच्यासमोर आली. "बाबा, चेष्टा नको ना. मी बुर्गी."

"माझी बुर्गी?" तो थोडा चिडलाच. "ती शाळेत असेल आत्ता. इवलीशी आहे ती." मग ढगाकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "चला, निघायला हवं. हिल्डे जेवायची थांबली असेल." हिल्डे म्हणजे बुर्गीची आई.

आणि तो डावीकडे वळला.

बुर्गीनं झेप घेऊन त्याची बाही पकडली. त्यानं हात असा झटकला की ती गुडघ्यावर आपटली. "हात लावू नका! पडाल आणि मलाही घेऊन जाल!" त्याच्या बुटाखालचा दगड सुटला. ती ऐकत राहिली. दगड आपटल्याचा आवाज कितीतरी वेळ आलाच नाही. आला तेव्हा फार खालून आला.

ओरडावं तर हा बिचकणार. ओढावं तर दोघंही जाणार. मोबाइलला इथे रेंज नव्हती. ती तिथेच बसली आणि जे खरं होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"मला नाही जमत हो. मला फार भीती वाटतेय. मला खाली न्या."

सेराफीनचा घळीकडे टाकलेला पाय मागे आला. चेहरा बदलला, आवाजही. "उठू नका. आधी श्वास घ्या. असं होतं कधीकधी, लाजायचं काही नाही त्यात." त्यानं पाठपिशवीतून दोर काढला, तिच्या कमरेला बांधला आणि गाठ ओढून पाहिली. बोटं एकदाही चुकली नाहीत. दुसरं टोक त्यानं स्वतःला बांधलं.

आता ती आणखीच घाबरली. ज्याला दिवस कुठला ते ठाऊक नाही, त्याच्याशी ती बांधली गेली होती. आणि तो म्हणत होता, "घळीतून जाऊ, लवकर पोचू."

"नको! माझे यजमान तळ्यापाशी थांबलेत." तिनं थाप मारली.

"मग आधी नाही का सांगायचं?" तो करवादला. "कमाल आहे! नवरे खाली पाण्यात पाय सोडून बसणार आणि बायकांना वर पाठवणार. चला, तार धरा. पुढे तुम्ही, मी मागून दोर धरतो."

ती खडकाकडे तोंड करून उतरू लागली. तार ओली, बर्फासारखी गार होती. एका जागी दोर ढिला पडला. तिनं वर पाहिलं. बाबा हातातल्या दोराकडे बघत उभे होते, जणू तो कुणी दिलाय तेच कळत नव्हतं.

"अहो गाइड! डावा पाय कुठे ठेवू?"

मग दोर ताणला गेला. "खाली खाच आहे. बूट फिरवा. हां, बसला!"

त्यानंतर तिनं बोलणं थांबवलंच नाही. हात कुठे, पाय कुठे, हा दगड पक्का आहे का. जे दिसत होतं तेही विचारलं. गप्प राहिलं तर ते पुन्हा हरवतील आणि दोराच्या टोकाला कुणीच नसेल, ही धास्ती तिच्या मानगुटीवर बसली होती. ती विचारत राहिली, आणि तो वैतागत, समजावत, मधूनच "शाब्बास" म्हणत तिला उतरवत राहिला.

तळ्याच्या काठाला लागल्यावर तो इकडेतिकडे बघू लागला. "कुठे आहेत तुमचे यजमान?"

तो वाकला, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, बाहीनं पुसलं, आणि मग त्याची नजर दोरावर गेली.

"हे काय गं? तुला कशाला बांधलंय मी?"

'गं' ऐकून तिला रडूच फुटलं. "मी घाबरले होते, बाबा."

"तू? शेळीसारखी हिंडायचीस कड्यांवर!" तो दोर सोडायला पुढे आला. तिनं त्याचा हात अडवला. झोपडीपर्यंत राहू दे, म्हणाली. तो हसला, पण त्यानं राहू दिला.

झोपडी चालवणारी झेन्झी दारातच होती. "काय हो सेराफीन, लेकीला बांधून आणलंत? पळून चालली होती की काय?"

"तिचा काय भरवसा!" म्हणत तो आत गेला.

बुर्गी बाहेरच थांबली. इथे रेंज होती. तिनं लोइसला फोन लावला. "तुझं बरोबर होतं," एवढंच म्हणाली. "मी येतो न्यायला," लोइस म्हणाला.

आत बाबांनी तिच्यासाठी सूप मागवून ठेवलं होतं. तिनं चमचा उचलला.

"खा पोटभर," सेराफीन म्हणाला. "ढगानं घात केला आज. उद्या पुन्हा निघू. शिखर राहिलंच की आपलं."

बुर्गीला शिखरावर दोघांनी खाल्लेली भाकरी आठवली. तिनं चमचा खाली ठेवला.

"बघू, बाबा," ती म्हणाली.