पैलवान

अक्षरं काढणं हा त्या घरातल्या सुनेचा धंदा. नाटकांच्या पोस्टरसाठी तिने एक नवं वळण काढलं होतं: उभ्या रेघा खांबासारख्या जाड, आडव्या अगदी केसासारख्या, आणि रेघ संपते तिथे पाचरीसारखी टोकदार टाच. बारीक मजकुरात ते वापरलं तर डोळ्यांना त्रास व्हायचा. हातभर उंच छापलं, की रस्त्यापलीकडचा माणूससुद्धा मान वळवून वाचायचा. सासूबाईंनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. "याला दोनच शब्द द्यावेत," त्या म्हणायच्या. "तिसरा दिला की मारामारी."

पुढे बुटांच्या दुकानदाराने पैलवान पाटीवर घेतला, मग नगर कचेरीने. 'पाणी पिऊ नका' अशी पाटी नळावर लागली आणि खरंच कुणी प्यायलं नाही. सुनेला बरं वाटलं. नंतर पुलावर 'प्रवेश बंद' आलं. नंतर नदीकडच्या गल्लीत दारोदार 'घर सोडा'. कारण खाली बारीक अक्षरांत दिलं होतं. ते वाचायला कुणी थांबलं नाही.

भाजीवाली आता गिऱ्हाइकांना हळूच विचारू लागली, "तुमच्याकडे जाड अक्षर आलं का हो?" बुटवाल्याने पाटी उतरवली. नाटकवाला म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण लोक पोस्टर बघून रस्ता बदलतात."

तिने कचेरी गाठली. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"माझं अक्षर वापरणं थांबवा," ती म्हणाली.

"थांबवणारच आहोत. तुम्हाला बोलावणारच होतो." ते अगदी मोकळेपणाने बोलत होते. "लोक लांबूनच ओळखतात. आमची माणसं पोचायच्या आत घरं रिकामी. कोण कुठे गेलं, पत्ता लागत नाही. मग गाडीत घालून न्यायचं कुणाला? आता काहीतरी गोड काढा. गोलसर, घरगुती."

तिने कप तसाच बशीत ठेवला. "नाही जमणार."

"हरकत नाही. दुसरं कुणी काढेल. चहा घ्या ना."

घरी येऊन तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगू नकोस."

महिनाभर शहर शांत होतं. लोक पुन्हा पुलापर्यंत फिरायला जाऊ लागले. एका सकाळी सासूबाई फेरफटका मारून आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "दारावर कसली जाहिरात चिकटवली आहे गं? साबणाची असेल. किती गोजिरं अक्षर आहे."

ओल्या हातांनीच ती बाहेर गेली. गोल, मऊ अक्षरं, कुठे टोक नाही, टाच नाही. समोरच्या दारावर तसाच कागद होता, आणि त्याच्याखाली शेजारीण निवांत पायरी झाडत होती.

तिने मजकूर शेवटपर्यंत वाचला. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ताई, झाडू ठेवा आणि तो कागद वाचा. नीट वाचा." मग आत येऊन नवऱ्याला फोन लावला.

"आई," फोन वाजत असताना ती म्हणाली, "तुमची औषधं एका पिशवीत भरा."