फांदी

बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन बसला होता, हिरवट पाण्यात, दोन काळ्या रेघांच्या पार बाहेर, आणि तिथून हलायला तयार नव्हता. घरगाडीच्या स्टिअरिंगच्या बाजूला चिकटवलेली ती बोटभर पाणसळ ऑर्विल डोळे बारीक करून बघत राहिला. पुढे म्हणजे... नाक वर, शेपूट खाली. एवढं कळलं. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल. पण पुढं काय? पाणसळीखाली बटणं होती, जॅकची चार आणि शेजारी एक मोठं, सरकत्या खोलीचं, आणि त्याचं बोट त्या सगळ्यांवरून एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे फिरलं. कामं दोनच. जॅक खाली सोडून गाडी समतल करायची आणि भिंतीसकट ती अर्धी बैठकीची खोली बाहेर काढायची. दोनातलं आधी कुठलं?

हसण्यासारखीच गोष्ट. अख्ख्या आर्कान्सामधल्या घरगाड्यांच्या तळांवर नव्या लोकांना हे शिकवत फिरणारा माणूस कोण, तर हाच. कुणाची खोली अर्ध्यात अडकली, कुणाची रबरी पट्टी फाटली, की लोक म्हणायचे, ऑर्विलला बोलवा. आणि हा बिअरचा डबा हातात घेऊन जायचा, गाडीखाली वाकून बघायचा, आणि सांगायचा... काय सांगायचा? वाक्याची चाल आठवत होती, ‘आधी’ वर दिलेला जोरसुद्धा आठवत होता, ‘आधी हे, मग ते, बाबांनो’ — आणि ‘हे’ आणि ‘ते’च्या जागी नुसती दोन भोकं.

आरशात मॅव्हिस उभी होती. गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या कोपऱ्याशी, उताराच्या बाजूला, हात वर करून. तो आत बटणांशी, ती बाहेर. लग्नानंतरच्या पहिल्या खटाऱ्यापासून हीच वाटणी. पंजा उघडा म्हणजे चालू दे, मूठ म्हणजे थांब. ओरडायचं नाही. तळावर येऊन एकमेकांवर खेकसणाऱ्या नवराबायकोंची लोक कशी मजा बघतात हे दोघांना पाठ होतं, कारण दोघांनी ती भरपूर बघितलेली होती. आताही समोरच्या जागेवरच्या ड्वेननं आपली घडीची खुर्ची तळ्याकडून वळवून इकडे करून घेतली होती. दिवसभर तळ्याचं पाणी बघून कंटाळलेल्या माणसाला नवी गाडी लागताना बघणं म्हणजे नाटकच, आणि त्यात गाडी ऑर्विलची. त्याचं काही चुकत नाही. तेवढं एकदा चुकलेलं बघायला मिळालं तर ड्वेनला हिवाळाभर पुरेल.

लवकर कर. इतका वेळ लागत नसतो.

आणि नको तेव्हा ती जुनी गोष्ट आठवली, संपूर्ण, एक कण न गळता. मिझुरीतला एक तळ, असाच उतार. एका पठ्ठ्यानं बुडबुडा अगदी मध्यावर आणायच्या हट्टापायी मागचे जॅक इतके चढवले की मागची चाकं जमिनीवरून सुटली. हँडब्रेक धरतो तो मागच्याच चाकांना, ती हवेत म्हटल्यावर धरायला उरलं काय? गाडी जॅकवरून सटकली आणि मागे आली. बायको मागेच उभी होती, हात वर करून. तिच्या पायातला पिवळा बूट, एकच, खडीत आडवा पडलेला... शेकोटीभोवती ही गोष्ट त्यानं किती वेळा सांगितली असेल, आणि शेवट ठरलेला — त्या गाढवाला अक्कल नव्हती, पाय मात्र तिचा गेला. मॅव्हिस उठून आत जायची. तिला ती गोष्ट आवडत नसे.

बूट आठवतो. बुटाची नाडी आठवते. बटण आठवत नाही.

मी विसरलेलो नाही, त्यानं स्वतःला बजावलं, मी फक्त दमलोय, सकाळपासून घाटातली वळणं, डोळ्यांवर ऊन... वसंत ऋतूपासून तो दमलेलाच होता. आयोवातलं घर विकून दोघं मोकळे झाले तेव्हा मुलगी म्हणाली होती, बाबा, परत यायला जागा ठेवा, आणि तो म्हणाला होता, ही चाकं आहेत ना. चाकं आहेत. ती चालवणारा हा एकच. त्याला जर दोन बटणांतलं पहिलं कळेना झालं तर मुलीच्या तळघरातल्या खोलीत, खिडकीतून गवताची मुळं बघत... नाही. त्यानं आरशात बघितलं. मॅव्हिसचा हात वरच होता. पंजा उघडा होता की नुसताच वर होता? उघडाच असणार.

त्यानं मोठं बटण दाबलं.

मोटर घुरघुरली, आणि लगेच तिचा सूर बदलला. भिंत पाठीमागे हलली, अडखळली, कुठेतरी लाकूड कण्हल्यासारखं करकरलं, आणि सगळी गाडी उताराच्या बाजूला, ती उभी होती त्या बाजूला, जराशी, अगदी जराशी कलली. आरशात मूठ.

बोट आपोआप सुटलं, तिच्या मुठीला ते त्याच्यापेक्षा जास्त ओळखत होतं. आणि मॅव्हिस, जी कधी ओरडत नसे, सगळ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “फांदी! फांदी मध्ये येतेय, आत घे!”

“ह्या वनखात्याला कुऱ्हाड म्हणून माहीत नाही,” ड्वेन खुर्चीतून म्हणाला.

त्यानं खोली आत घेतली. हुश्श झालं. फांदी. म्हणजे चूक फांदीची. तो नेहमीसारखा पुटपुटणार होता, हल्ली ह्या तळांवर झाडं छाटायचं नावच नाही, परवा तो खांब, त्याआधी तो दगड, उन्हाळाभर हेच चाललंय... आणि पुटपुटत त्यानं खिडकीबाहेर डोकं काढलं.

डाव्या अंगाला झाड नव्हतं. खडी होती, खडीपलीकडे कापलेलं गवत, गवतापलीकडे तळं. कोवळं रोपटंसुद्धा नाही. ड्वेनच्या खुर्चीतून ही बाजू दिसतच नव्हती.

तो बघत राहिला. खांब. तो खांब तरी त्यानं बघितला होता का? जूनमधला तो दगड? ती ‘दगड’ म्हणाली, त्यानं थांबवलं, ती जवळ येऊन इकडचं तिकडचं बोलली, आणि मग सगळं सुरळीत झालं... दर वेळी सुरळीत झालं. दर वेळी काहीतरी आडवं आलं, बरोबर त्याच क्षणी. आणि तो महिनोन्‌महिने त्या दगडांना आणि खांबांना शिव्या घालत जेवत होता, आणि ती समोर बसून मान हलवत होती, वाटाणे वाढत होती. त्याला संताप आला, खरा, कानशिलं तापेपर्यंत. तोंडावर सांगायचं होतं. एवढी वर्षं काय लपवलं आपण एकमेकांपासून?

आरशात तिनं मूठ सोडली होती आणि तळवा छातीपाशी आडवा धरला होता, जमिनीला समांतर, एखाद्या निजलेल्या मुलाला थोपटावं तसा हलके हलवत. हे तिचं नवीन होतं. वसंतापासूनचं. त्याला ती लकब वाटली होती, म्हातारपणची. आडवा तळवा. समतल. मग तोच हात बाजूला सरकला. मग खोली.

आधी समतल. अर्थात. आधी समतल, मग खोली, बाबांनो.

त्यानं मागच्या जॅकचं बटण दाबलं. शेपूट उचललं जाऊ लागलं, बुडबुडा टोकापासून सुटून मागे सरकायला लागला, आणि त्याबरोबर त्याला आठवलं — चाकं! मागची चाकं किती सुटतील ह्या उतारावर, चाकं टेकलेली राहावीत म्हणून खाली फळ्या घालतात त्या घातल्या नाहीत, फळ्या तशाच पेटीत आहेत, ती मागे उभी आहे, पिवळा बूट... बोट काढून त्यानं आरसा खाली वळवला. मागच्या चाकाखाली फळ्या होत्या. दोन, एकावर एक, नीट, चाक त्यांच्यावर घट्ट बसलेलं. त्या त्यानं ठेवल्या नव्हत्या. गाडी मागे घेताना एक हिसका बसला होता आणि तो म्हणाला होता, खडी फार माजलीय इथं. ती “हो ना” म्हणाली होती.

त्यानं बटण पुन्हा दाबलं, आणि बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला.

आता मोठं बटण. आता तर येतंच होतं त्याला, शंकाच नव्हती, दाबायचं नि मोकळं व्हायचं, आणि ड्वेनच्या आशेवर पाणी. पण बोट बटणावर टेकवून तो थांबला. ती जिथं उभी होती तिथं तिला उभं राहायला कुणी सांगितलं होतं? बाजूला होऊ शकली असती. त्या उतारावर, त्या गोष्टीतल्या बाईच्याच जागी, दर मुक्कामाला, सगळं माहीत असून ती हात वर करून उभी राहत होती, कारण तिथूनच ती त्याला दिसायची. संताप कुठं गेला ते त्याला कळलं नाही. त्याच्या जागी भीती आली होती, साधी, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. ड्वेन ऐकत होता. ऐकू दे.

“मॅव्हिस,” तो म्हणाला, “फांदी गेली का?”

तिचा हात तसाच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती, आरशातून नव्हे, सरळ.

“ही गेली,” ती म्हणाली. “पण अजून येतील, ऑर्विल.”

“मग तू पुढे ये. खिडकीपाशी. तिथून सांग मला.”

ती खडीवरून चालत येऊ लागली. ती येऊन पोचेपर्यंत त्यानं बोट बटणावरून उचलून मांडीवर ठेवलं. बुडबुडा मध्यावर होता, पण तो पाणसळीकडे बघत नव्हता.